शमन, समण आणि शामन : एका शब्दसाम्याचा मागोवा

मराठी वृत्तपत्रांतून व अनुवादित पुस्तकांतून अलीकडे एक शब्द वारंवार भेटू लागला आहे. सायबेरियात, मंगोलियात किंवा दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात ढोल बडवून, घुमून, आत्म्यांशी बोलून रोग बरा करणाऱ्या माणसाला कोणी ‘शामन’ लिहितो, कोणी ‘शॅमन’ आणि पुष्कळदा सरळ ‘शमन’. शेवटचे रूप छापलेले पाहिले की वैद्यमंडळींच्या भुवया उंचावतात. शोधन आणि शमन ही जोडी पहिल्या वर्षापासून घोकलेल्या विद्यार्थ्याला साहजिकच वाटते की हा शब्द आपलाच असून तो फिरून परत आला आहे. काही उत्साही व्याख्याते तर जगातील सर्व आदिम वैद्यक आयुर्वेदाच्या शमनचिकित्सेतूनच निघाले, असे ठोकून देतात. हे विधान कितपत टिकते आणि त्यातून आपल्या जालना जिल्ह्यातील वैद्याने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपला शमन. ‘शम्’ या धातूचा अर्थ शांत होणे, निवणे, थांबणे. त्याच्या प्रयोजक रूपापासून शमन, म्हणजे शांत करणे. शांती, प्रशम, उपशम, शामक ही सारी त्याचीच भावंडे. नगरपालिकेच्या लाल गाडीवरचे ‘अग्निशमन’ आणि अनधिकृत बांधकाम दंड भरून नियमित करून घेताना भरावे लागणारे ‘प्रशमन शुल्क’ याच कुळातले आहेत. मात्र या धातूची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. यज्ञात पशूला ‘शांत’ करणाऱ्या ऋत्विजाला शमिता म्हणत आणि अमरकोशात शमन हे चक्क यमाचे नाव आहे. वैद्याच्या हातातील शमन आणि यमाच्या नावातील शमन एकाच धातूचे असावेत, यात शब्दाचा दोष नाही. शांत करण्याचे प्रकार अनेक असतात, इतकेच.

वाग्भटाने (अ. हृ. सू. 14) शमनाची जी व्याख्या केली आहे, तिच्याइतकी नेमकी व्याख्या आमच्या वाचनात दुसरी नाही. जे दोषांना शरीराबाहेर काढीत नाही, सम असलेल्या दोषांना चाळवीत नाही आणि विषम झालेल्यांना मात्र समस्थितीत आणते, ते शमन. त्याचे सात प्रकार तो देतो : पाचन, दीपन, क्षुधा, तृषा, व्यायाम, आतप आणि मारुत. या सातांत औषधाला जागा जेमतेम पहिल्या दोनांत आहे. उरलेले पाच म्हणजे भूक सोसणे, तहान आवरणे, अंगमेहनत, ऊन आणि वारा. शार्ङ्गधराने शमनद्रव्याचे उदाहरण म्हणून गुळवेल सांगितली. तीच गुळवेल 2020 व 2021 मध्ये मात्रेचा विचार न करता घरोघरी उकळली गेली, हे जाता जाता नमूद करतो. रुग्ण नेहमी म्हणतात, “या औषधानं आजार दबून जातो.” दबणे म्हणजे शमन नव्हे. दडपलेला दोष आत तसाच असतो, शमलेला दोष समस्थितीला आलेला असतो. तथापि शमनाचीही मर्यादा चरकाने लपवलेली नाही. लंघन-पाचनाने जिंकलेले दोष पुन्हा उसळू शकतात, शोधनाने काढलेले उसळत नाहीत, असे तो स्पष्ट म्हणतो (च. सू. 16).

आता सायबेरियाचा शामन. हा शब्द युरोपला कळला तो रशियन लोकांमार्फत. धर्ममतभेदामुळे सायबेरियात हद्दपार झालेला रशियन धर्मगुरू अव्वाकुम याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या आत्मचरित्रात तो आढळतो. पुढे पीटर झारच्या वतीने 1692 ते 1695 या काळात चीनला जाऊन आलेल्या इस्ब्रांट इडेस याच्या वकिलातीच्या प्रवासवर्णनांतून तो पश्चिम युरोपात पसरला. मूळ शब्द तुंगुस म्हणजे आज ज्यांना एवेंकी म्हणतात त्या लोकांचा. त्यांच्या भाषेत त्याचा उच्चार सामान्यतः ‘समान’ किंवा ‘शमान’ असा होतो. ‘शमान’ आणि आपला ‘शमन’ यांतील साम्य कानाला लगेच जाणवते. परंतु भाषाशास्त्रज्ञांनी ज्या भारतीय शब्दाशी त्याची सोयरीक जुळवली तो शमन नव्हे, तो ‘श्रमण’.

श्रमण म्हणजे श्रम करणारा, तप करणारा, घरदार सोडलेला. बौद्ध, जैन, आजीवक हे सारे श्रमण. प्राकृतात आणि पालीत त्याचे ‘समण’ झाले. येथे एक गंमत आहे. प्राकृतात ‘श्र’चा ‘स’ होतो आणि ‘श’चाही ‘स’च होतो, ‘न’चा ‘ण’ होतो. म्हणजे संस्कृतातील श्रमण आणि शमन हे दोन भिन्न शब्द प्राकृतात एकरूप होऊन बसतात. जुन्या आचार्यांनी ही संधी सोडली नाही. ज्याची पापे शमली तो समण, असे निर्वचन धम्मपदात आले आहे. जैन परंपरेने तर एका समणात तीन शब्द पाहिले : श्रम करणारा, मन शांत केलेला आणि सर्वांविषयी सम असलेला. व्याकरणाच्या कसोटीवर यांपैकी पहिलेच खरे. पण दोषांचे शमन आणि पापांचे शमन हे एकाच शब्दात दिसणे, ही केवळ ध्वनीची करामत आहे असे म्हणून सोडून द्यावे असे आम्हांस वाटत नाही. ज्या समाजात हे निर्वचन रुचले, त्या समाजाला मनाचा क्षोभ आणि देहाचा क्षोभ एकाच भाषेत बोलता येत होता.

हा समण बौद्ध भिक्षूंबरोबर मध्य आशियात गेला. तोखारी भाषेत त्याचे ‘षमाने’ झाले, चिनी भाषेत ‘शामेन’ झाले. तेथून तो तुंगुसांपर्यंत पोहोचला आणि भिक्षूऐवजी घुमणाऱ्या वैद्य-पुरोहिताला लागू झाला, अशी एकोणिसाव्या शतकातील अनेक युरोपीय पंडितांची समजूत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती डळमळीत झाली. हंगेरीचे नेमेथ आणि त्यांच्यामागून 1917 मध्ये बर्थोल्ड लाउफर यांनी हा शब्द त्या उत्तरेकडील भाषांचा स्वतःचाच आहे, असा पक्ष मांडला. 1924 मध्ये मिरोनोव्ह आणि शिरोकोगोरोव्ह यांनी पुन्हा श्रमणाची बाजू घेतली. शिरोकोगोरोव्ह हे तुंगुसांत प्रत्यक्ष राहिलेले अभ्यासक असल्यामुळे त्यांच्या मताला वजन होते. तुंगुसांच्या देवतांवर बौद्ध धर्माची छाया त्यांना दिसली होती.

दोन्ही बाजूंकडे चांगले पुरावे आहेत आणि दोन्ही बाजूंना अडचणीही आहेत. तुंगुस भाषांत ‘सा’ म्हणजे जाणणे असा धातू आहे, त्यावरून ‘जाणता’ असा अर्थ सहज निघतो. पण पुढील प्रत्ययाचे कोडे नीट सुटत नाही. उलट बाराव्या शतकाच्या अखेरीस एका चिनी ग्रंथकाराने जुर्चेन लोकांच्या मंत्रतंत्र जाणणाऱ्या स्त्रीला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते नोंदवले आहे. तो शब्द शामनच आहे, परंतु लिहिण्यासाठी त्याने भिक्षूच्या ‘शामेन’ची चिनी अक्षरे न वापरता वेगळीच अक्षरे योजली. म्हणजे बौद्ध श्रमण ज्याच्या नित्य परिचयाचा होता, त्या चिनी लेखकालाही हे दोन शब्द एक वाटले नाहीत. आमच्या मते हा मुद्दा वजनदार आहे. श्रमणापासून शामन आला हे सिद्ध झालेले नाही, आणि आयुर्वेदाच्या शमनापासून तो आला असे तर कोणत्याही जबाबदार अभ्यासकाने म्हटलेले आमच्या माहितीत नाही.

मग आपल्या जिल्ह्याचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. केळणा नदीच्या काठचे आपले भोकरदन हेच प्राचीन भोगवर्धन. सांची व भरहुत येथील स्तूपांना दाने देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनचे लोक आढळतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावच्या माणसांना समण कोण हे ठाऊक होते आणि त्यांच्यासाठी शेकडो मैलांवर द्रव्य धाडण्याइतकी त्यांची श्रद्धा व ऐपत होती. 1970 च्या दशकात नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले. इटलीतील पोम्पेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीप्रतिमेशी साम्य असलेली एक हस्तिदंती मूर्तीही त्यांत होती. समण हा शब्द ज्या व्यापारी वाटांनी बाहेर गेला, त्या वाटांवरचे हे एक नांदते पेठेचे गाव होते.

आणि वैद्य? त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नडजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथे मगिल नावाच्या राजवैद्याने दिलेल्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. समणांच्या निवासासाठी वैद्याने खर्च केला, हे त्या दगडावर कोरलेले आहे. राजवैद्य म्हणवणारा माणूस स्वतःचे आणि आईचे नाव सांगतो (वात्सीपुत्र), औषधाचे किंवा गुरूचे सांगत नाही, याची आम्हांस थोडी हळहळ वाटते.

समण आणि वैद्यक यांच्या नात्याविषयी याहूनही जुनी साक्ष एका परदेशी माणसाची आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 300 च्या सुमारास चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थनीसचे वृत्त स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने उतरवून ठेवले. त्यात श्रमणांचे वर्णन आहे. अरण्यवासी श्रमणांच्या खालोखाल मान वैद्यांना आहे, असे तो सांगतो. हे वैद्य साधेपणाने राहतात, भात आणि सातू यांवर निर्वाह करतात, बहुतेक रोग औषधांपेक्षा आहाराने बरे करतात आणि औषधांतही लेप व पोटिसांना अधिक मानतात. वाग्भटाच्या सात शमनप्रकारांतील पाच बिनऔषधी प्रकार आठवून हा मजकूर वाचावा. त्याच्याच पुढे मेगॅस्थनीस आणखी एका गटाचा उल्लेख करतो. भविष्य सांगणारे, मंत्र घालणारे, गावोगाव भिक्षा मागत फिरणारे. म्हणजे एकाच श्रमणवर्गात आहाराने रोग शमवणारा वैद्य आणि मंत्राने भूत उतरवणारा मांत्रिक, दोघेही होते. पण पाहणाऱ्याला ते दोन वेगळे दिसले. अमेरिकी अभ्यासक केनेथ झिस्क यांनी 1991 च्या आपल्या ग्रंथात भारतीय वैद्यकाची अनुभवनिष्ठ बैठक याच श्रमणमंडळात तयार झाली, असा सिद्धांत मांडला. तो सर्वांना मान्य नाही. परंतु मेगॅस्थनीसने पाहिलेली ती फट आजही आपल्या गावांतून जाते.

आपल्याकडे त्या दुसऱ्या गटाला शामन कोणी म्हणत नाही. मराठवाड्यात देवऋषी हा शब्द रूढ आहे. बोलताना त्याचा ‘देवरशी’ होतो. मांत्रिक आहे, भगत आहे, जुन्या लेखनात पंचाक्षरी आहे. मेळघाटात कोरकूंचा भूमका आहे, भिल्लांत बडवा. रोगाचीही स्वतंत्र परिभाषा आहे : बाहेरचे, बाधा, वारे, लागीर. उपचाराची तशीच : उतारा, अंगारा, कौल, गंडा. अंगात येते तेव्हा माणूस घुमतो आणि घुमण्याला हलगी-संबळाची साथ असते. सायबेरियाच्या शामनाच्या हाती ढोल असतो, हे साम्य खरेच. परंतु एक मूलभूत भेद आहे. मिर्चा एलियाडे यांनी 1951 च्या ग्रंथात शामनाचे लक्षण सांगितले ते असे की त्याचा आत्मा देह सोडून वरच्या किंवा खालच्या लोकी जातो, रोग्याचा हरवलेला आत्मा शोधून परत आणतो. आपल्याकडे उलट आहे. येथे कोणी जात नाही, दैवत येते. ‘अंगात येणे’ या शब्दप्रयोगातच दिशा सांगितलेली आहे. म्हणून देवऋषीचे भाषांतर शामन करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

भोकरदन तालुक्यातच जयदेववाडीला जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे स्थान आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पवित्र मानलेले हे स्थान बाधा झालेल्यांना तेथे नेण्याच्या प्रघातासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. मराठी कुटुंबे मनोरुग्णाला महानुभाव स्थानी का नेतात, याचा अभ्यास व्हिएडा स्कुल्तान्स यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यांच्या निरीक्षणातील एक गोष्ट आमच्या मनात राहिली आहे. पुष्कळदा रोग्याऐवजी त्याची आई किंवा पत्नीच घुमू लागते, त्याचे दुःख आपल्यावर घेते. स्थानांविषयी, तेथील श्रद्धेविषयी या लेखात आम्हांस काही म्हणावयाचे नाही. देवाच्या दारी जाऊन रोग्याला आणि घरच्यांना धीर येतो, हे दैवव्यपाश्रय चिकित्सेत चरकानेच स्वीकारले आहे. मंत्र, मणी, मंगल, उपवास, स्वस्त्ययन, प्रणिपात आणि तीर्थगमन अशी यादीच त्याने दिली आहे (च. सू. 11). पण तेथेच, त्याच वाक्यसमूहात युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय ही दोन अंगेही आहेत. एक अंग घेतले म्हणजे दुसरी दोन सोडावीत, असे चरक कोठेही म्हणत नाही.

भूतविद्या हे आपल्या अष्टांगांतील एक अंग असल्यामुळे देवऋषी आपला सहकारी ठरतो, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. असा युक्तिवाद करणाऱ्यांनी सुश्रुताचा उत्तरतंत्रातील साठावा अध्याय पुन्हा काढून वाचावा. देव मनुष्यांबरोबर वास करीत नाहीत आणि मनुष्यांत प्रवेशही करीत नाहीत, असे सुश्रुत तेथे निःसंदिग्धपणे म्हणतो. जे अज्ञानाने ‘प्रवेश करतात’ असे म्हणतात, त्यांना भूतविद्येच्या विषयातून बाहेर काढावे, असेही बजावतो. प्रवेश करतात ते त्यांचे अनुचर, असे त्याचे मत. त्या अनुचरांचे काय करावे हा प्रश्न राहतोच. पण ‘माझ्या अंगात देवी येते’ असे म्हणणाऱ्याला सुश्रुताच्या भूतविद्येत जागा नाही. चरकाचा पहिला सूर याहून कडक आहे. निदानस्थानात (अ. 7) तो म्हणतो की स्वतःच्या कर्माने पीडित न झालेल्याला देव, गंधर्व, पिशाच कोणीही पीडा देत नाहीत, दोष प्रज्ञापराधाचा आहे, देवाला बोल लावू नये. चिकित्सास्थानातील उन्मादाध्यायात मात्र आरशात छाया शिरावी तसे देवादिक अदृश्यपणे शिरतात, असे वर्णन आहे. या विसंगतीचा उलगडा करताना चक्रपाणीची गणना उपयोगी पडते, कारण तिच्यानुसार तो अध्याय दृढबलाने पूर्ण केलेल्यांत मोडतो. संहिता हा एकाच माणसाचा एकाच दिवशीचा शब्द नव्हे.

हे सारे शब्दपांडित्य वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्यात या शब्दांवर माणसे जगतात आणि मरतात. उदाहरणादाखल मण्यार घेऊ. पावसाळ्यात आणि नंतर, कपाशी-सोयाबीनच्या दिवसांत, शेतवस्तीवर माणसे जमिनीवर अंथरूण टाकून निजतात. मण्यार रात्री फिरतो, निजलेल्याला चावतो. त्याचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसेल न दिसेल. पहाटे माणूस उठतो तो पोटात दुखते म्हणून. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, घोट गिळवत नाही, मान धरत नाही. घरच्यांनी साप पाहिलेलाच नसतो. डोळे मिटलेला, लाळ गाळणारा, आवाज बदललेला माणूस पाहून ते म्हणतात, “बाहेरचं आहे.” येथून देवऋषीकडची वाट सुरू होते आणि जे दोन-तीन तास प्रतिविष लस व कृत्रिम श्वसन देऊन प्राण वाचवण्याचे असतात, ते उताऱ्यात जातात. नाग, घोणस आणि फुरसे निदान दुखवतात, सुजवतात. मण्यार मात्र बाधेचे सोंग हुबेहूब वठवतो.

अपस्माराचे असेच. चरकाने त्याचे चार भेद केले ते वात, पित्त, कफ आणि सन्निपात यांवरून, भूतांवरून नव्हे. तरीही झटके येणारे मूल आमच्याकडे येते तेव्हा त्याच्या मनगटावर गंडा असतो आणि रुग्णालयाने दिलेल्या गोळ्या बंद केलेल्या असतात. कधी त्या देवऋषीने बंद करविलेल्या असतात, आणि कधी, हे लिहिताना संकोच वाटतो, आपल्यापैकीच कोणी ‘आता आयुर्वेद सुरू, ते सगळं सोडा’ असे सांगितलेले असते. झटक्यांची औषधे एकाएकी थांबवल्यास झटके वाढतात आणि लागोपाठ येऊन जिवावर बेततात. सम असलेल्याला चाळवू नये, ही शमनाची अट येथे शब्दशः लागू आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी संमत झालेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे यांचा समावेश आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही तीत स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत. प्रार्थना, यात्रा, वारी यांना कायदा हात लावत नाही. तो रोखतो ते ‘रोखणे’. आमच्या अनुभवात देवऋषीला शत्रू ठरवून काही साधत नाही. गावात त्याच्याकडे माणसे आधी जातात, कारण तो जवळ असतो, रात्री उठतो आणि ऐकून घेतो. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही, हेही विसरून चालणार नाही. 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा सुरू आहे व तिच्यावर मराठीतही बोलता येते. चिकित्सालयाच्या भिंतीवर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे.

आणि पहाटे कोणी ‘बाधा’ म्हणून माणूस उचलून आणला, तर नाडी पाहण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : रात्री कोठे निजला होता, जमिनीवर की खाटेवर, पोटात दुखणे कधी सुरू झाले, आणि पापण्या पूर्ण उघडता येतात का. तिसऱ्याचे उत्तर नाही असे आले, तर खूण शोधीत बसू नये. 108 ची गाडी बोलवावी, रोग्याला कुशीवर निजवावे, तोंडाने काहीही देऊ नये. गाडी येईतो घरच्यांना अंगारा लावावयाचा असेल, तर तो खुशाल लावू द्यावा.